बाहेरून आणा

हे लिहायला बसले आहे आणि समोर चार बोटे रुंदीचा कागदाचा एक तुकडा आहे. केसपेपरची मागची कोरी बाजू फाडून केलेली चिठ्ठी. निळ्या पेनाने घाईघाईत लिहिलेल्या तीन ओळी : हातमोजे, टाक्यांचा दोरा, एक इंजेक्शन. त्याखाली दोन शब्द, ‘बाहेरून आणा’.

ही चिठ्ठी मला कंधार तालुक्यातल्या एका बाईने दिली. ऊसतोडीला जाणारी बाई. तिच्या धाकट्या जावेला रात्री कळा सुरू झाल्या, गावच्या आशाताईने १०८ ची गाडी बोलावली आणि त्या एका सरकारी दवाखान्यात पोचल्या. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. तुमच्यापैकी बहुतेकींना तो आपल्याच तालुक्यातला वाटेल. रात्री साडेअकराला सिस्टरने ही चिठ्ठी हातात ठेवली. समोरच्या मेडिकलवर गेली तर पैसे कमी पडले. दुकानदाराने तिचा मोबाइल ठेवून घेतला आणि सामान दिले. चार दिवसांनी बचत गटातून पैसे उचलून तिने तो सोडवला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. त्यामुळे ही हकिकत कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही, येणारही नव्हती.

मी तिला विचारले, तक्रार करायची का? तर म्हणाली, “कुणाची करू ताई? सिस्टरबाई भल्या होत्या. त्यांनीच मला चहा पाजला. त्यांच्यापाशी नव्हतंच, तर त्या काय करतील?”

त्यांच्यापाशी का नव्हते, हा प्रश्न आपल्या संघटनेने गेल्या दोन वर्षांत बऱ्याच ठिकाणी विचारला. उत्तर मिळते ते असे, की खरेदीची पद्धत बदलते आहे, नवा कायदा झाला आहे, आता सगळे सुधारेल. तेव्हा या वेळी या सुधारणेबद्दलच बोलू. आमचा तिला विरोध आहे, आणि का आहे ते नीट सांगितले पाहिजे. नाहीतर ‘या बायका प्रत्येक गोष्टीला विरोधच करतात’ हे ऐकून घ्यावे लागते.

आधी नांदेड. ३० सप्टेंबर २०२३ ची मध्यरात्र ते १ ऑक्टोबरची मध्यरात्र, या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात २४ माणसे दगावली. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसात आणखी सात गेली, आकडा ३१ वर पोचला आणि त्यात १६ लेकरे. त्याच ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे पूर्ण झाली होती. १९९३ साली मी आईच्या कडेवर होते, मला भूकंप आठवत नाही. पण लातूर जिल्ह्यातल्या घरात वाढलेल्या कुणालाही तो ऐकून ऐकून आठवतोच. पहाटे चारच्या आत सुमारे दहा हजार माणसे गेली. तो निसर्गाचा घाला होता, असे म्हणून आपल्या आया-आज्यांनी स्वतःची समजूत घातली. नांदेडच्या मातांनी कशाची समजूत घालायची?

पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी औषधांचा तुटवडा आणि बदल्यांमुळे झालेली माणसांची टंचाई बोलून दाखवली. लगेच सरकारकडून सांगण्यात आले, औषधे पुरेशी आहेत. मग एक खासदार आले आणि त्यांनी त्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावला. ते चित्रण साऱ्या देशाने पाहिले. पुढे त्या खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मला त्या चित्रणातला माणूस नव्हे तर संडास आठवतो. दवाखान्यातला बायकांचा संडास घाण असतो हे खरेच आहे, बाळंतीण तिथे रात्री जायला घाबरते हेही खरे आहे. पण तो साफ करणारी माणसे कंत्राटावर ठेवायची, जागा रिकाम्या ठेवायच्या आणि कॅमेऱ्यासमोर एका डॉक्टरला वाकवायचे, याने पुढच्या आठवड्यात तो संडास साफ राहणार होता का?

मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या मृत्यूंची दखल घेतली. सरकारच्या बाजूने सांगण्यात आले, की बरेच रुग्ण खाजगी दवाखान्यांतून शेवटच्या घटकेला आले होते आणि रुग्णालयावर क्षमतेपेक्षा फार जास्त भार होता. हे खोटे नाही. विष्णुपुरीला फक्त नांदेडची माणसे येत नाहीत. हिंगोलीची येतात, परभणीची येतात, यवतमाळच्या उमरखेड-पुसदकडून येतात, तेलंगणातून येतात. किनवट-माहूरची बाई शंभरावर किलोमीटर पार करून येते. न्यायालयाने मात्र बजावले, की भार आहे असे सांगून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही. आणि याच सुनावणीत एक गोष्ट पुढे आली, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले : औषधे खरेदी करण्यासाठी २०२३ सालीच कायदा करून जे प्राधिकरण नेमले, त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीच नव्हता.

आता हा कायदा काय आहे ते पाहू. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अधिनियम, २०२३. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे, यंत्रे आणि सामान एकाच ठिकाणाहून खरेदी करायचे. याआधी २०१७ पासून हे काम हाफकिन महामंडळाकडे होते. १८९९ मध्ये प्लेगच्या लसीसाठी ज्या डॉ. हाफकिन यांनी प्रयोगशाळा उभारली, त्यांच्या नावाची ही संस्था. लस तयार करणाऱ्यांच्या गळ्यात साऱ्या राज्याच्या गोळ्या-सलाईनच्या निविदा बांधल्या. दवाखान्यांनी मागणी पाठवायची, पैसे वर्ग करायचे आणि वाट पाहायची. पैसे पडून राहायचे, औषध यायचे नाही. हे सगळ्यांनाच दिसत होते, म्हणून नवे प्राधिकरण आले.

एकत्रित खरेदीला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. तामिळनाडूने १९९४ साली यासाठी महामंडळ काढले. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते, गोदामात काय आहे ते दिसते, औषधाचा दर्जा तपासून मगच ते पुढे जाते. तिथे ते चालते, कारण गोदामे बांधली, माणसे नेमली आणि दर वर्षी पैसा दिला. आपल्याकडे आधी कायदा झाला. मुख्य अधिकारी कोण, हे न्यायालयात विचारावे लागले. आमचा विरोध आहे तो यालाच सुधारणा म्हणण्याला. या कायद्यात खरेदी कोणी करायची ते आहे. रात्री साडेअकराला औषध नसेल तर त्या कंधारच्या बाईने कुणाकडे दाद मागायची, हे त्यात नाही. तिच्या हातात काहीच दिलेले नाही. मधले कार्यालय बदलले, चिठ्ठी तशीच राहिली.

त्याच वर्षीचा दुसरा कायदा दिल्लीत झाला. जनविश्वास कायदा, २०२३. ऑगस्टच्या सुरुवातीला संसदेत मंजूर झाला. नाव ऐकून वाटावे की हा लोकांवर विश्वास ठेवणारा कायदा आहे. ४२ निरनिराळ्या कायद्यांतल्या शिक्षा सौम्य करणारा हा कायदा, उद्योगधंद्यांना सोपे जावे म्हणून केलेला. त्या ४२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदाही आहे. त्यातल्या कलम २७ (ड) खाली, म्हणजे औषध प्रमाणित दर्जाचे नसणे अशा प्रकारांसाठी, एक ते दोन वर्षांची कैद आणि किमान वीस हजार रुपये दंड होता. आता तो गुन्हा तडजोडीने, पैसे भरून मिटवता येईल अशी सोय झाली. बनावट औषधासाठीची कडक कलमे तशीच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण गोळी कमी ताकदीची निघाली तर कंपनीने पैसे भरावेत आणि मोकळे व्हावे, हे कुठल्या बाईला विचारून ठरवले? प्रसूतीनंतर अंगावरून जास्त जाऊ नये म्हणून दिलेले इंजेक्शन कमी ताकदीचे निघाले, तर तिथे तडजोड कुणाशी करायची?

हे दूरचे भय नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालय लातूरहून तासा-दीड तासावर आहे. आपल्या कितीतरी मैत्रिणींची बाळंतपणे तिथे झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पुरवठा झालेल्या एका प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यात औषधाचा अंशच नव्हता. त्याआधी नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना झालेल्या पुरवठ्याच्या तपासातही असाच प्रकार उघडकीला आला होता. म्हणजे एकीकडे औषध नाही म्हणून बाहेरून आणा, आणि आहे तिथे ते औषध आहे की खडू, हे ठाऊक नाही. अशा काळात तपासणारे निरीक्षक आणि प्रयोगशाळा वाढवायच्या सोडून शिक्षा सैल केल्या गेल्या.

इथे कुणीतरी म्हणेल, ताई, कार्ड आहे की. बरोबर आहे, कार्डाबद्दल बोलायलाच हवे. कारण आपल्या बैठकांत हल्ली कार्डाचेच नाव जास्त निघते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नांदेड होते. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, पुढे केंद्राच्या योजनेशी ती जोडली गेली, आणि जुलै २०२४ पासून दीड लाखाऐवजी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सगळ्यांसाठी जाहीर झाले. या कार्डाने माणसे वाचली आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, किडनीचा उपचार, कॅन्सर. ज्यांच्या घरी हे झाले त्यांच्यासमोर कार्डाला नावे ठेवायची माझी हिंमत नाही. पण नांदेडला सर्वांत आधी कार्ड मिळाले, आणि अकरा वर्षांनी नांदेडलाच बारा नवजात बालके एका दिवसात गेली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या लागतील. लेकराला शेवटच्या घटकेला विष्णुपुरीला आणावे लागते, कारण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ नसतो. कार्डाने तो डॉक्टर येत नाही. कार्ड भरती झालेल्याच्या मोठ्या उपचाराचे बिल भरते. रक्त कमी आहे, पाळी बिघडली आहे, पांढरे जाते, गुडघे दुखतात, साखर वाढली आहे, यांच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात बसत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त. आपल्या बायकांचे दुखणे बहुतेक करून असले, रोजचे, अंगावर काढायचे. ज्या दुखण्याचे बिल मोठे होत नाही, ते कार्डाला दिसत नाही.

आणि कार्ड कुणाच्या नावाने? सुरुवातीपासून ही योजना रेशनकार्डावर उभी राहिली. आपल्या मराठवाड्यात नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी परत आलेल्या किती बाया आहेत, ते तुम्ही आपापल्या गावात मोजू शकता. त्यांचे नाव सासरच्या कार्डावर असते, कार्ड सासऱ्याच्या पेटीत असते. भावाच्या कार्डावर नाव चढवायचे तर भावजयीची मर्जी लागते. आता रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालेल म्हणतात. ते काढायला तहसीलला चार खेपा, चार दिवसांची मजुरी बुडते. आमच्या केंद्रात येणाऱ्या एकल बायकांपैकी एकीचा फॉर्म भरताना माझ्या लक्षात आले, की तिच्या आजाराच्या कागदांपेक्षा ती कुणाची कोण आहे याचेच कागद जास्त झाले होते.

कार्डाबरोबर आणखी एक गोष्ट वाढली : पिशवी काढण्याची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली आढळली. हे सारे कार्डामुळे झाले असे मी म्हणत नाही. बहुतेकींनी व्याजाने पैसे काढून खाजगी दवाखान्यात ऑपरेशन केले. मुकादमाची उचल फेडायची असते, एक दिवस कोयता बंद पडला तर खाडा लागतो, फडात पाळीच्या चार दिवसांसाठी ना पाणी ना आडोसा. तेव्हा ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून डॉक्टरने घाबरवले की बाई मान्य करते. पण ज्या बाईला गावात तपासायला स्त्री-डॉक्टर मिळत नाही, साधी सोनोग्राफी सरकारी दवाखान्यात महिना-महिना होत नाही, तिलाच ऑपरेशन मात्र दोन दिवसांत मिळते. पैसा ऑपरेशनला आहे, तपासणीला नाही, अशी ही रचना आहे. कंधार, लोहा, मुखेड, जळकोटकडच्या टोळ्याही त्याच कारखान्यांवर जातात. त्यांची मोजणी कुणी केली?

आता तिसरी गोष्ट, दवाखानेच सोपवून देण्याची. निती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये एक मसुदा काढला होता. जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायची, करार ६० वर्षांचा. तेवढ्यात दोन पिढ्या म्हाताऱ्या होतात. त्यात खाटांचे दोन प्रकार सांगितले होते, ‘रेग्युलेटेड बेड’ आणि ‘मार्केट बेड’. बाजाराच्या खाटेवर बाजाराचा भाव. मोफत उपचार हवा असेल तर आपण मोफतचे रुग्ण आहोत असे प्रमाणपत्र आणायचे. सरकारी दवाखान्यात गरिबाने गरिबीचे प्रमाणपत्र घेऊन जायचे! महाराष्ट्रातही अलीकडच्या वर्षांत सार्वजनिक-खाजगी भागीदारीची भाषा रुळली आहे, सत्तेत कोणीही असो. भागीदारी म्हटले की बरोबरीची वाटते. जमीन आपली, इमारत आपली, रुग्ण आपले. भाव मात्र त्यांचा.

हे नवीन नाही, हे आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतील. १९९१ नंतर खर्च कमी करा, फी लावा, असा धोशा सुरू झाला. किल्लारीच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचा पैसा आला तेव्हा आपल्या गावांनी ते नाव पहिल्यांदा ऐकले. नव्वदीच्या अखेरीस तीच बँक राज्याच्या रुग्णालयांसाठी कर्ज घेऊन आली आणि केसपेपरपासून एक्सरेपर्यंत सगळ्याला दर लागले. पुढे १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. चांगला निर्णय, त्याचे स्वागतच. पण त्यात वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये नव्हती. मैत्रिणींनो, इथे आपली खरी कोंडी आहे. नांदेडचे सर्वांत मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे. लातुरात २००२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले तेव्हा जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. वेगळे जिल्हा रुग्णालय द्या, ही लातूरकरांची मागणी किती वर्षांची आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे मोफत उपचाराची घोषणा झाली आणि आपल्या दोन्ही शहरांतल्या सर्वांत मोठ्या दारावर ती लागू नव्हती. दोन खाती, दोन मंत्री, आणि मधल्या पायरीवर बाई बसलेली.

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला फळ्यावर एक त्रिकोण काढून दाखवत. तळाशी पाच हजार वस्तीला उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजाराला. त्यावर तीस हजाराला प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय आणि टोकावर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय. तळ रुंद, टोक बारीक. गावात काम करायला लागले आणि तो त्रिकोण उलटा दिसला. उपकेंद्राला कुलूप, प्राथमिक केंद्रात डॉक्टर दुपारपर्यंत, आणि सारा जिल्हा विष्णुपुरीच्या दारात. नवजात विभागाच्या एका वॉर्मरवर एकापेक्षा जास्त बाळे ठेवावी लागतात ती यामुळे. खरेदीचा कायदा, शिक्षांचा कायदा, कार्ड, करार, यांतले काहीही हा त्रिकोण सरळ करत नाही. तो सरळ करायचा तर पगारी माणसे लागतात. तेवढ्यापुरती गोष्ट आली की सरकारचा हात आखडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचे ८ टक्के आरोग्याला द्यावेत असे म्हटले. महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. आणि तळ ज्यांनी धरून ठेवला त्या आशा? नांदेडचे मृत्यू ताजे असतानाच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, राज्यभरच्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. सरकारच्या लेखी त्या कामगार नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. घरातल्या बाईच्या कामाला जसे काम म्हणत नाहीत, तसेच.

मागच्या महिन्यातल्या बैठकीत लातूरच्या एका मैत्रिणीने मला चांगलेच अडवले. ती म्हणाली, “तुम्ही सरकारी दवाखान्याची बाजू घेता, पण स्वतः तिथे बाळंत व्हाल का? लेबर रूममध्ये बायकांना काय काय ऐकवतात ते ठाऊक आहे ना? खाजगीवाला पैसे घेतो, पण हाडतुड करत नाही.” बैठक एकदम गप्प झाली. तिचे म्हणणे टाळता येणार नाही. टेबलावर कळा देणाऱ्या बाईला घाणेरडे बोलतात, जात विचारतात, तिसरी मुलगी झाली तर तोंड वाकडे करतात, कधी चापटही मारतात. स्त्री चळवळीने हे बोलून दाखवले आहे आणि पुढेही बोलावे लागेल. सरकारी दवाखाना आहे तसाच ठेवा, असे आमचे म्हणणे नाहीच. पण सरकारी दवाखान्यातल्या अपमानाबद्दल मी सिव्हिल सर्जनला जाब विचारू शकते, माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकू शकते, जिल्हा परिषदेपुढे बसू शकते. खाजगी दवाखान्यात मी फक्त पुढच्या वेळी दुसरीकडे जाऊ शकते, तेही पैसे असतील तर. त्या मैत्रिणीला हे सगळे पटले असे नाही. ती म्हणाली, बघू. मलाही वाटते की पुढच्या बैठकीत तिचा प्रश्न आणखी सविस्तर घ्यावा लागेल.

मग आम्हाला हवे काय? राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैशावाचून नाकारता येणार नाही, असे त्यात होते. खाजगी डॉक्टरांनी संप केला, नियम होण्याआधी सरकार बदलले आणि कायदा कागदावर राहिला. पण निदान तो रुग्णाच्या बाजूने लिहिलेला होता. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक लावणे आले. किती दवाखान्यांच्या भिंतीवर ते दिसते, ते आपण जाऊन पाहू शकतो. आम्हाला असा कायदा हवा, की आवश्यक औषध सरकारी दवाखान्यात मिळालेच पाहिजे. नाही मिळाले तर बाहेरून आणलेल्याचे पैसे दवाखान्याने ठरलेल्या दिवसांत परत द्यावेत आणि चिठ्ठीची नोंद व्हावी. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही त्यातच यावीत. एकल बाईला स्वतःच्या नावावर सेवा मिळावी, कुणाची कोण हे न विचारता. खरेदी प्राधिकरणाने कोणत्या दवाखान्याला काय पाठवले ते दर महिन्याला दारावर मराठीत लिहावे. रुग्ण कल्याण समितीत गावच्या बायका असाव्यात, नुसत्या सहीपुरत्या नव्हे.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाच्या उस्मानाबादेत) २००७ पासून लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले होते. गावच्या लोकांनी दवाखान्याला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. जिथे बायका चिकाटीने बसल्या तिथे सुधारणा झाली. त्याला कुठला नवा मोठा कायदा लागला नव्हता. तेव्हा आपणही एक सोपे काम करू या.

‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी फेकून देऊ नका. मेडिकलच्या पावतीसह ती जपून ठेवा. पावती देत नसतील तर मागा. मागितली की देतात. मागच्या बाजूला तारीख, दवाखान्याचे नाव आणि तालुका लिहा. बाईचे नाव लिहायला तिची हरकत असेल तर लिहू नका. सिस्टरचे किंवा डॉक्टरचे नाव तर मुळीच नको. आपल्याला त्यांची नोकरी घालवायची नाही, त्यांच्या कपाटात औषध हवे आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आशाताईकडून किंवा गटाच्या सचिवाकडून लिहून घ्यावे. नांदेडच्या मैत्रिणींनी चिठ्ठ्या दर महिन्याच्या बैठकीत आणून द्याव्यात. लातूर, औसा, निलंगा, अहमदपूरकडच्यांनी केंद्रावर पोचवाव्यात. टोळ्यांबरोबर जाणाऱ्यांनी फडावरून परतल्यावर दिल्या तरी चालतील, कारखान्याकडच्या दवाखान्यांच्याही घ्यायच्या आहेत. पुढच्या अंकाच्या आधी त्या तालुकावार लावून दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि खरेदी प्राधिकरणाला एकाच दिवशी द्यायच्या, असे कार्यकारिणीत ठरले आहे. कंधारची ती बाई बरोबर येणार आहे. पहिली चिठ्ठी तिचीच लागेल, म्हणून तिने ती माझ्याकडे ठेवायला दिली आहे.